बिघाडाच्या मुळाशी जाणारा जेम्स वॅट

किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॅट यांना वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट शाळेत ऐकली नाही असा माणूस विरळाच. गोष्ट गोड आहे, पण वस्तुस्थिती निराळी आहे. वॅट यांचा जन्म झाला तेव्हा थॉमस न्यूकोमेन यांची वाफेवर चालणारी इंजिने इंग्लंडच्या खाणींतून पाणी उपसत होती. १७१२ पासूनच ती रूढ होऊ लागली होती. वॅट यांच्यापर्यंत हे इंजिन पोहोचले ते दुरुस्तीच्या निमित्ताने, तेही टेबलावर मावेल एवढ्या एका नमुन्याच्या रूपात.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी १९ जानेवारी १७३६ रोजी वॅट यांचा जन्म झाला. वडील जहाजबांधणी आणि व्यापारात होते. मुलगा नाजूक प्रकृतीचा, सतत डोकेदुखीने बेजार. त्यामुळे बरेचसे शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली झाले. वडिलांच्या कारखान्यातील हत्यारे हीच त्याची खेळणी होती. १७५५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वर्षभर मोजमापाची उपकरणे बनविण्याचे काम शिकून घेतले. एरवी ही उमेदवारी सात वर्षांची असे. ग्लासगोला परतल्यावर हीच कमतरता नडली आणि तेथील कारागीर संघाने त्यांना दुकान थाटू दिले नाही, असे सांगितले जाते. अखेर १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने आपल्या आवारात त्यांना जागा दिली.

याच जागेत १७६३च्या हिवाळ्यात प्राध्यापक जॉन अँडरसन यांनी न्यूकोमेन इंजिनाचा नमुना पाठविला. यापूर्वी तो लंडनच्या एका उपकरणकाराकडे पाठवूनही उपयोग झाला नव्हता. वॅट यांनी तो नीट जुळवून चालू केला. काही फेरे होत आणि मग बॉयलरमधील वाफ संपून यंत्र थांबे. बॉयलर आकाराने पुरेसा दिसत होता, विस्तवही चांगला होता. दुसरा कोणी असता तर त्याने बॉयलर मोठा करून दिला असता आणि पैसे घेऊन मोकळा झाला असता. वॅट यांनी मात्र वाफ तयार किती होते हे पाहण्याऐवजी ती जाते कोठे, हे मोजायला घेतले.

न्यूकोमेनच्या यंत्रात सिलिंडर वाफेने भरला की त्यात गार पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण होई आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पण त्या फवाऱ्याने सिलिंडरही गार पडे. पुढच्या फेऱ्यातील बरीचशी वाफ मग काम करण्याऐवजी गार धातू पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. सिलिंडर जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आतल्या जागेच्या मानाने मोठा. त्यामुळे छोट्या नमुन्यात हा दोष जास्तच उघड झाला. वॅट यांनी आटलेले पाणी मोजले, वाफेचे आकारमान मोजले आणि थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळत्या अवस्थेपर्यंत आणते हेही पाहिले. या चमत्काराचा उलगडा त्यांचे मित्र जोसेफ ब्लॅक यांच्या अप्रकट उष्म्याच्या सिद्धांताने झाला. थोडक्यात, तक्रार बॉयलरची आणि दोष सिलिंडरचा, असा हा प्रकार होता. घरातील वा कारखान्यातील बॉयलर दुरुस्त करणाऱ्यांना हा अनुभव आजही नवा नाही.

निदान झाले तरी उपाय सापडायला १७६५चा मे महिना उजाडावा लागला. ग्लासगोच्या मैदानात रविवारी फेरफटका मारताना त्यांना तो सुचला. वाफ सिलिंडरमध्ये गार न करता शेजारच्या वेगळ्या पात्रात गार करावी, म्हणजे सिलिंडर सदैव गरम आणि संघनक सदैव थंड राहील.

कल्पना ते यंत्र हा प्रवास मात्र दहा वर्षांचा आणि जिवावर येणारा ठरला. पैसा पुरविणारे जॉन रोबक दिवाळखोरीत गेले. पोटासाठी वॅट यांना कालव्यांची मोजणी करीत रानोमाळ हिंडावे लागले. १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण दट्ट्याभोवतीची फट बुजविता येईल इतका अचूक सिलिंडर कोणालाच करता येत नव्हता. १७७३ मध्ये पत्नी मार्गारेट बाळंतपणात दगावली. पुढच्या वर्षी त्यांनी ग्लासगोचा निरोप घेतला आणि बर्मिंगहॅमचे उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांचा हात धरला. जॉन विल्किन्सन यांच्या नव्या छिद्रण यंत्राने सिलिंडरचा प्रश्न सुटला आणि १७७६ मध्ये इंजिने प्रत्यक्ष कामाला लागली.

कोळसा महाग असलेल्या कॉर्नवॉलच्या खाणींत त्यांचे खरे मोल कळले. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाणमालकांनी द्यावा, असा करार होता. फेरे मोजण्यासाठी इंजिनावर कुलूपबंद गणकयंत्र बसविलेले असे. अर्थात मालकांना ही रक्कम डोईजड वाटू लागली आणि त्यातून कज्जे उभे राहिले, ते शतकाच्या अखेरीपर्यंत चालले.

वाफेने खोली गरम करण्याचा प्रयोगही वॅट यांनी केला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १७८४-८५च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या लिहिण्याच्या खोलीत कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याची चपटी पेटी उभी केली आणि तळघरातील बॉयलरमधून नळीवाटे तीत वाफ सोडली. वाफेचे झालेले पाणी त्याच नळीने परत जाई. पेटीत कोंडलेली हवा वाफेला आत शिरू देत नाही, म्हणून ती बाहेर काढण्यासाठी तोटी ठेवली होती. आजच्या रेडिएटरला हवा सोडण्याची जी झडप असते, तिचे हे आद्य रूप. प्रत्यक्षात खोली हिशेबापेक्षा कमीच तापली. चकचकीत धातू उष्णता कमी उत्सर्जित करतो हे आता आपल्याला माहीत आहे. पुढे १८००च्या सुमारास त्यांच्याच कंपनीने मँचेस्टरशेजारी सॅल्फर्ड येथील सूतगिरणी पोकळ लोखंडी खांबांतून वाफ खेळवून उबदार केली.

वॅट यांचा एक हट्ट मात्र इतिहासाला खटकतो. उच्च दाबाच्या वाफेला त्यांचा कडवा विरोध होता. त्यांचे बॉयलर हवेच्या दाबाहून किंचितच अधिक दाबाने चालत. सहकारी विल्यम मर्डॉक यांनी १७८४ मध्ये वाफेच्या गाडीचा चालता नमुना केला, त्यालाही त्यांनी उत्तेजन दिले नाही. १८०० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी ती वाट धरली. १८०३ मध्ये ग्रीनिचला त्यांच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा वॅट यांच्या भीतीला पुरावाच मिळाला. पण ट्रेव्हिथिक डगमगले नाहीत. त्यांनी दुहेरी सुरक्षा झडप बसविली आणि पाणी कमी होताच वितळणारे शिशाचे बूच बॉयलरला लावले. भीती खरी असली तरी तिचा उपाय निघू शकतो, ही गोष्ट वॅट यांच्यासारख्या दोषशोधकाच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

सधन निवृत्तीतही घरात दुःखे येतच राहिली. १७९४ मध्ये मुलगी जेसी आणि १८०४ मध्ये हुशार मुलगा ग्रेगरी क्षयाने गेले. वॅट बर्मिंगहॅमजवळच्या घरी माळ्यावरील कार्यशाळेत रमले आणि पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती काढणारे यंत्र सुधारीत बसले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर कार्यशाळा दीर्घकाळ कुलूपबंदच राहिली. १९२४ मध्ये ती हत्यारांसह लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलविण्यात आली. ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयाने तो न्यूकोमेन इंजिनाचा नमुनाही जपून ठेवला आहे.