हर्मन मेलव्हिलचे चरित्र आणि ‘मोबी-डिक’चे वाचक

लेखकाच्या चरित्रात त्याच्या ग्रंथांच्या स्वागताचा विचार सामान्यतः शेवटी, परिशिष्टवजा येतो. हर्मन मेलव्हिल (१८१९–१८९१) या अमेरिकन कादंबरीकाराच्या बाबतीत हा क्रम पाळता येत नाही. त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धाला जे वळण लागले, ते मुख्यतः वाचकांच्या मतभेदामुळे लागले. ‘मोबी-डिक’ (१८५१) ही कादंबरी आज अमेरिकन साहित्यातील अभिजात कृती मानली जाते. तरीही ती थोर की कंटाळवाणी, हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. प्रस्तुत लेखात हे चरित्र त्या वादाच्या संदर्भात मांडावयाचे आहे. पालघर आणि बोईसर-तारापूर या किनारी परिसरातील अध्यापक व विद्यार्थी यांना या वादात स्वतःची अशी एक बाजू असू शकते, हेही येथे दाखवावयाचे आहे.

मेलव्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घराणे प्रतिष्ठित होते. आजोबांनी बॉस्टन बंदरातील चहाच्या प्रसिद्ध उठावात भाग घेतला होता. वडील परदेशी मालाचे व्यापारी होते. १८३० मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि जानेवारी १८३२ मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच त्यांचा मृत्यू झाला. बारा वर्षांच्या हर्मनचे शिक्षण विस्कळीत झाले. बँकेत कारकुनी, काही काळ शाळामास्तरकी असे करीत १८३९ मध्ये तो एका व्यापारी जहाजावर लिव्हरपूलला जाऊन आला. जानेवारी १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर तो खलाशी म्हणून चढला. त्याचे खरे विद्यापीठ हे जहाजच ठरले.

दीड वर्षानंतर मार्केझास बेटांवर तो जहाजातून पळाला आणि सुमारे महिनाभर तेथील आदिवासींमध्ये राहिला. पुढे ताहिती, हवाई आणि शेवटी अमेरिकन आरमाराची नौका असा प्रवास करून ऑक्टोबर १८४४ मध्ये तो घरी परतला. या अनुभवावर आधारलेली ‘टायपी’ (१८४६) आणि ‘ओमू’ (१८४७) ही पुस्तके लोकप्रिय झाली. १८४७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्या कन्येशी, एलिझाबेथशी, त्याचा विवाह झाला. बेटांवरील साहसे सांगणारा मनोरंजक लेखक अशी त्याची प्रतिमा वाचकांच्या मनात पक्की झाली. पुढील सर्व संघर्षाचे मूळ या प्रतिमेत आहे. ‘मार्डी’ (१८४९) मध्ये त्याने रूपकात्मक व तात्त्विक लेखनाचा प्रयत्न केला, तेव्हा वाचकांनी पाठ फिरविली; ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट-जॅकेट’ या पुस्तकांत तो पुन्हा परिचित वाटेवर आला, तेव्हा ते परतले.

१८५० मध्ये तो पिट्सफील्डजवळील शेतावर राहावयास गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्नशी त्याचा परिचय झाला. शिकारीची साधी साहसकथा म्हणून हाती घेतलेले लेखन या काळात विस्तारत गेले. १३५ प्रकरणे आणि उपसंहार असलेला तो ग्रंथ मेलव्हिलने हॉथॉर्नला अर्पण केला. कथासूत्र थोडक्यात सांगता येते : पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान अहॅब सूडाने पेटून जहाज आणि खलाशी यांना विनाशाकडे नेतो. परंतु ग्रंथाचा मोठा भाग देवमाशांचे वर्गीकरण, त्यांची चरबी वितळविण्याची प्रक्रिया, दोरखंड, भाले आणि चित्रे यांच्या विवेचनाने व्यापलेला आहे.

ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडन येथे ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत पहिली आवृत्ती निघाली. तिच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. धर्माविषयीचे काही उल्लेख तिच्यातून गाळलेले होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, निवेदक इश्माएल कसा वाचला हे सांगणारा उपसंहारच तिच्यात नव्हता. साहजिकच, बुडालेला माणूस कथा कशी सांगतो, असा आक्षेप काही इंग्रज समीक्षकांनी घेतला. इतर काहींनी मात्र कल्पनाशक्तीची मुक्त प्रशंसा केली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची आवृत्ती उपसंहारासह प्रसिद्ध झाली. तरीही बॉस्टनमधील एका वृत्तपत्राने इंग्रज समीक्षकांचीच प्रतिकूल मते उद्धृत केली. एका पाठातील उणिवेबद्दलचा दोष दुसऱ्या, पूर्ण पाठाच्या माथी बसला. पाठचिकित्सा ही केवळ हस्तलिखितांच्या अभ्यासकांची बाब आहे, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

मतभेदाचे दुसरे कारण अधिक मूलगामी होते. साहसकथा मागणाऱ्यांना विवेचनात्मक प्रकरणे अडथळा वाटली; धर्मनिष्ठांना अहॅबची भाषा पाखंडी वाटली; थोड्या वाचकांना मात्र या मिश्रणातच ग्रंथाचे सामर्थ्य दिसले. लेखकाच्या हयातीत अमेरिकेत सुमारे ३,२०० प्रतीच खपल्या. १८५३ मध्ये प्रकाशकाच्या इमारतीला लागलेल्या आगीत शिल्लक प्रतीही जळाल्या. ‘पिएर’ (१८५२) पूर्णतः अपयशी ठरली आणि ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ (१८५७) नंतर मेलव्हिलने कादंबरी प्रसिद्ध केली नाही. १८६६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्क बंदरात रोज चार डॉलर वेतनावर त्याने जकात निरीक्षकाची नोकरी धरली आणि ती एकोणीस वर्षे केली. १८६७ मध्ये अठरा वर्षांचा थोरला मुलगा पिस्तुलाची गोळी लागून घरातच मरण पावला. १८८६ मध्ये दुसरा मुलगाही गेला. या काळातील कविता त्याने अत्यल्प वाचकांसाठी लिहिल्या. ‘क्लॅरेल’ (१८७६) हे सुमारे अठरा हजार ओळींचे काव्य मामाच्या आर्थिक साहाय्याने छापले गेले. २८ सप्टेंबर १८९१ रोजी तो निधन पावला, तेव्हा एका प्रमुख दैनिकाने त्याच्या कादंबरीचे नावही चुकीचे छापले.

१९१९ च्या जन्मशताब्दीपासून पुनर्मूल्यांकन सुरू झाले. रेमंड वीव्हर याचे चरित्र (१९२१), डी. एच. लॉरेन्सचा निबंध (१९२३) आणि ‘बिली बड’ या अप्रकाशित कथेचे प्रकाशन (१९२४) यांनी मेलव्हिलला मध्यवर्ती स्थान मिळाले. पूर्वी दोष ठरलेली संमिश्रता आता आधुनिकतेची खूण ठरली. तथापि नव्या वाचकांतही एकमत नव्हते. वेस्ट इंडीजमधील विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी १९५३ मध्ये अहॅबऐवजी सामान्य खलाशांना कादंबरीच्या केंद्रस्थानी पाहिले.

जेम्स यांची ही दिशा आपल्या किनाऱ्यावर विशेष अर्थपूर्ण ठरते. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांतून आलेल्या विद्यार्थ्याला नाखवा, तांडेल आणि खलाशी यांचे संबंध पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. मेलव्हिलच्या जहाजावर पगार नव्हता, नफ्यात वाटा होता : नवख्या इश्माएलला तीनशेवा, तर कुशल भालाफेक्या क्वीक्वेगला नव्वदावा. हा व्यवहार वाट्यावर मासेमारी करणाऱ्या समाजाला सहज कळेल. ‘एका कोळियाने’ हे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हेमिंग्वेच्या कादंबरीचे भाषांतर मराठी वाचकाने आपलेसे केले. पण तेथील कोळी एकटा आहे. ‘मोबी-डिक’मध्ये एका माणसाच्या हट्टापायी संपूर्ण ताफा बुडतो. डोल जाळ्याच्या आणि सामुदायिक श्रमाच्या किनाऱ्याला हा प्रश्न अधिक जवळचा आहे.

कंटाळवाण्या मानलेल्या प्रकरणांविषयीही मराठी वाचक वेगळे मत देऊ शकतो. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या सोनोपंत दांडेकरांनी आयुष्यभर ज्ञानेश्वरीचे संपादन व विवरण केले. दृष्टान्तामागून दृष्टान्त देत सिद्धान्ताकडे जाणारी ती रचना, किंवा कीर्तनातील पूर्वरंग, ज्याच्या कानावरून गेला आहे, त्याला कथा थांबवून केलेले विवेचन हा मूलतःच दोष वाटण्याचे कारण नाही. देवमाशाला मासाच मानणाऱ्या इश्माएलचा शास्त्रज्ञांशी चाललेला वादही मराठी शब्दाने आधीच निकालात काढला आहे.

तथापि ही जवळीक भक्तीत रूपांतरित होऊ नये. मेलव्हिल घारापुरीच्या लेण्यातील मत्स्यावताराला देवमाशाचे सर्वांत जुने चित्र ठरवितो. तो भारतात कधी आला नव्हता आणि घारापुरीचे मुख्य लेणे शैव आहे. अहॅबचा गूढ सोबती फेदल्ला हा पारशी आहे आणि कादंबरी त्याच्याभोवती सैतानाची छाया पसरविते. बाहरोटच्या डोंगरात संजाणचा पवित्र अग्नी लपवून ठेवल्याची परंपरा ज्या जिल्ह्यात जपली जाते, ज्या तारापूर-डहाणू पट्ट्यात पारशी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून राहिले, तेथील वाचकाने या चित्रणावर आक्षेप घेणे हे अरसिकतेचे लक्षण नव्हे. तो पुराव्यावर आधारलेला वाङ्मयीन आक्षेप आहे. लंडनच्या समीक्षकांनी अपुऱ्या पाठावर मत दिले. या वाचकाचे मत पूर्ण पाठावर आणि अधिक माहितीवर उभे आहे.

अखेरचा मुद्दा प्रकाशाचा. देवमाशाच्या तेलावर त्या काळी दिवे जळत आणि यंत्रे फिरत. एका दिव्यामागे किती माणसांचे श्रम आणि मरण असते, हे सांगण्यासाठीच त्या ‘कंटाळवाण्या’ प्रकरणांत चरबी वितळविण्याच्या भट्ट्यांचे तपशील आले आहेत. अमेरिकन सहकार्याने उभ्या राहिलेल्या तारापूर अणुविद्युत केंद्रातून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पुढील विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना स्थलांतर करावे लागले. दोन्ही घटनांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु उजेडाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न ज्याच्या परिसराला ठाऊक आहे, त्याने ती प्रकरणे गाळून वाचू नयेत.

मेलव्हिलचे दुर्दैव वाचकांत मतभेद झाले हे नव्हते. त्या मतभेदाला पुरेशा वाचनाचा आधार मिळण्यापूर्वीच निकाल लागला, हे होते. आणि त्या निकालाची शिक्षा त्याने जकात कचेरीत एकोणीस वर्षे भोगली. पदव्युत्तर वर्गात ही कादंबरी शिकविताना अनुकूल-प्रतिकूल मतांची यादी देऊन थांबण्याऐवजी, कोणते मत कोणत्या पाठावर आणि कोणत्या अनुभवावर आधारलेले आहे, हे विद्यार्थ्यांकडून तपासून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.