डॉ. मारिया मॉन्टेसरी : सुरुवात मागे राहिलेल्या लेकरांपासून



३१ ऑगस्टला डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची जयंती असते. दरवर्षी या दिवशी आपल्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरतो. खाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि दोन ओळींची माहिती असते. मीही आजवर तेवढंच पुढे पाठवत आले. डी.एड.ला असताना मॉन्टेसरी पद्धतीची वैशिष्ट्ये पाठ केली होती, पेपर झाला आणि ती विसरूनही गेले. यंदा मात्र त्यांचं चरित्र नीट वाचून काढलं. त्याला कारण झाली एक आई.

तिची मोठी मुलगी आमच्या शाळेत तिसरीला आहे. सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस होते. एका दुपारी ती धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत आली. लेकरू चार वर्षांचं. चार-पाच शब्दांच्या पुढे बोलत नाही. नाव घेऊन हाक मारली तर वळून बघत नाही. बाकीच्या लेकरांत मिसळत नाही, पण घरातली झाकणं घेऊन तासन् तास बसतं. सासू म्हणते याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारीण म्हणते मोबाइल दाखवला म्हणून असं झालं. कुणी अंगारा आणून दिला. तालुक्याच्या गावी पाटीवर मॉन्टेसरी लिहिलेल्या एका शाळेत ती जाऊन आली, तर तिथे सांगितलं की बोलायला लागला की घेऊन या. मला तिने एवढंच विचारलं, की माझं लेकरू शिकेल का.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण त्या पाटीवरचं नाव डोक्यातून जाईना. ज्या बाईंचं नाव लावून या लेकराला परत पाठवलं, त्या बाईंचं सगळं काम अशाच लेकरांपासून सुरू झालेलं आहे. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, मलाही नव्हतं.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआरावाल्ले या गावी झाला. वडील आलेसांद्रो सरकारी नोकरीत आणि जुन्या विचारांचे. आई रेनिल्दे यांना वाचनाची फार आवड. मारिया त्यांची एकुलती एक मुलगी. पुढे हे कुटुंब रोमला राहायला गेलं. शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावं असा तो काळ. वडिलांचंही तेच मत होतं. पण मारियाने दुसरं काहीही होईन, शिक्षिका होणार नाही असं ठरवून टाकलं होतं! (हे वाचून मला हसू आलं.) तेराव्या वर्षी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत दाखल झाली. आधी इंजिनिअर व्हायचं होतं, मग डॉक्टर व्हायचं ठरलं. वैद्यकीय शिक्षणात पुरुष विद्यार्थ्यांसोबत एका बाईने शवविच्छेदन करणं लोकांना चालत नव्हतं. म्हणून सगळे गेल्यावर संध्याकाळी एकटीने ते काम करावं लागे. आईचा पाठिंबा होता, वडिलांचा राग होता. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक.

यानंतरचा भाग मी दोनदा वाचला.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात त्या काम करू लागल्या. त्यासाठी रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचं जाणं-येणं होई. तिथे मोठ्या मनोरुग्णांसोबत लहान मुलंही ठेवलेली असत. कुणी बोलत नाही, कुणाला शिकवलेलं कळत नाही, कुणाला फिट येते, अशी सगळी एका खोलीत. असं सांगतात की एका ठिकाणी तिथली बाई या मुलांविषयी किळस करत तक्रार करत होती. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडून पावाचे तुकडे गोळा करतात, असं तिचं म्हणणं. मारियांनी ती खोली नीट पाहिली. खोलीत काहीच नव्हतं. हातात धरायला एक वस्तू नाही, खेळणं नाही, खडा नाही. पोट भरलेलं असताना ही मुलं तुकडे गोळा करतात ती भुकेने नाही, हातांना काहीतरी हवं म्हणून, हे त्यांच्या लक्षात आलं. बाई रोज तेच बघत होती आणि डॉक्टरांनीही तेच बघितलं, पण दोघींना दिसलं वेगवेगळं.

मग त्यांनी शोध सुरू केला की अशा मुलांसाठी आधी कुणी काही केलं आहे का. दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. पहिले इतार. १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या अवेरों भागातल्या जंगलात एकटा वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला होता. इतारांनी त्याला सुमारे पाच वर्षं शिकवलं. तो मुलगा बोलायला काही शिकला नाही. पण त्याला शिकवताना इतारांनी स्पर्श, नजर, ऐकणं यांचे जे प्रयोग केले ते कागदावर उतरवून ठेवले. दुसरे सेगँ, इतारांचेच शिष्य. त्यांनी अशा मुलांसाठी शाळाच चालवली आणि हाता-पायांच्या हालचाली व इंद्रियांपासून शिक्षण सुरू करायचं असं सांगितलं. या दोघांची पुस्तकं मारियांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली, प्रत्येक शब्दाचा विचार करता यावा म्हणून. एक डॉक्टर बाई पानंच्या पानं हाताने लिहून काढतेय! आणि आपण टाचणसुद्धा कॉपी-पेस्ट करतो. असो.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण शाळा निघाली. तिला जोडून मुलांचा वर्गही होता, सुरुवातीला २२ मुलांचा. मारिया तिथे सहसंचालक होत्या. सकाळी ८ पासून संध्याकाळी ७ पर्यंत त्या स्वतः मुलांत असत, आणि रात्री बसून दिवसभराच्या नोंदी करत. लाकडी ठोकळे, दट्ट्या, बटणं आणि नाड्या बांधायच्या चौकटी, बोट फिरवायची लाकडी अक्षरं, हे साहित्य या काळात तयार झालं.

त्यांनी लिहून ठेवलेला एक अनुभव पालकांसाठी मुद्दाम सांगते. एका मुलीला शिवण शिकवायचं होतं. कितीही दाखवलं तरी सुई कापडाच्या वर-खाली कशी घालायची ते तिच्या हाताला जमेना. मारियांनी शिवण बंद केलं. तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली, एक पट्टी वरून, एक खालून. त्यात ती रमली. काही दिवसांनी पुन्हा सुई दिली तर तिला जमू लागलं. न जमणारी गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेण्याऐवजी त्या गोष्टीत लपलेली हालचाल शोधायची आणि ती दुसऱ्या सोप्या कामातून हाताला आधी शिकवायची. अक्षरांचंही त्यांनी असंच केलं. आधी बोट अक्षरावरून फिरलं, पेन्सिल नंतर आली.

त्या वर्गातली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेला बसून पास झाली. लोकांना चमत्कार वाटला. मारियांच्या मनात मात्र उलटाच प्रश्न आला. माझी मुलं यांच्या बरोबरीला आली, तर धडधाकट मुलांच्या शाळांत असं काय चाललंय की ती पुढे जात नाहीत?

इथे पालकांना एक सांगायला हवं. ही गोष्ट सांगताना आपण नकळत अशी आशा दाखवतो, की योग्य शिकवलं की लेकरू इतरांसारखं होतं. तसं नाही. पास झाली ती काही मुलं, सगळी नव्हे. इतारांचा मुलगा बोलला नाही तो नाहीच. पण जंगलातून आला तेव्हा होता तसाही तो राहिला नाही. मारियांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेच साहित्य सगळ्या मुलांत सारखं काम करत नाही. एखादं मूल आपणहून उचलतं आणि आपली चूक आपणच दुरुस्त करतं, दुसऱ्याला मोठ्या माणसाने जवळ बसून, हात धरून त्या वस्तूकडे न्यावं लागतं.

याच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काय चाललं होतं, ते त्यांच्या पुस्तकांत कुठे येत नाही. त्या शाळेचे दुसरे संचालक डॉ. मोन्तेसानो. त्यांच्यापासून मारियांना १८९८ साली मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. गोष्ट बाहेर आली असती तर त्यांचं काम तिथेच संपलं असतं. बाळाला खेड्यात एका कुटुंबाकडे वाढायला ठेवलं. त्या अधूनमधून भेटायला जात, पण आई म्हणून नाही. पुढे मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि १९०१ मध्ये मारियांनी ती शाळा सोडली. साऱ्या जगाला मूल कसं बघावं हे शिकवणाऱ्या बाईला आपल्या मुलाचं बालपण बघता आलं नाही. मला या गोष्टीवरून त्यांना नावं ठेवाविशी वाटत नाहीत. आपल्याकडे आजही काही बिघडलं की आधी आईकडे बोट जातं. माझ्याकडे आलेल्या आईलाही घरात ऐकवलं जातं की तू गरोदरपणात नीट खाल्लं नाहीस. मारिओ साधारण १५ वर्षांचा झाल्यावर, आजी वारल्यानंतर, आईजवळ राहायला आला. तरीही पुष्कळ वर्षं बाहेर ओळख पुतण्या म्हणूनच होती.

त्यानंतरचं आपण सगळे थोडंफार वाचलेलं आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. आई-बाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट फिरणारी, भिंती खराब करणारी ही मुलं. तिथे त्यांनी तेच साहित्य मांडलं, जे मागे राहिलेल्या मुलांसाठी तयार केलं होतं. साधारण तीन वर्षांची एक मुलगी दट्ट्या भोकांत बसवत होती. ती काढायची, परत बसवायची, चाळीसहून जास्त वेळा. बाजूला मुलांनी गाणं म्हटलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम सुरूच. आपण अशा वेळी म्हणतो की पुरे आता, दुसरं कर. मारियांनी मोजत राहणं पसंत केलं. १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पद्धत जगभर गेली.

आपल्याकडे ती त्यांच्या आधी पोहोचली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथे १९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक गेल्या. ताराबाईंच्या लक्षात आलं की हे महागडं लाकडी साहित्य खेड्यातल्या मुलांना परवडणारं नाही. म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या सोबतीने, खडे, शिंपले, बिया, पानं-फुलं घेऊन त्यांनी तेच काम आदिवासी मुलांत केलं. योगायोग असा की मॉन्टेसरींची जयंती आणि ताराबाईंची पुण्यतिथी एकाच दिवशी येते. ताराबाई गेल्या त्या ३१ ऑगस्ट १९७३ ला.

मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या त्या १९३९ च्या अखेरीस, मद्रासजवळच्या अड्यारला, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी. सोबत मारिओ होते. पुढच्याच वर्षी इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघे शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियांना अड्यारच्या बाहेर जायची बंदी झाली. मारिओंना आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवलं. ७० वर्षांची आई एकीकडे, मुलगा दुसरीकडे. ३१ ऑगस्ट १९४० ला, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली, तीही त्यांचा मुलगा म्हणून. जे नातं त्या उघडपणे सांगू शकल्या नव्हत्या, ते त्या दिवशी सरकारी कागदावर आलं. युद्ध संपेपर्यंत दोघेही भारतातच राहिले, बराच काळ कोडाईकनालला. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये मारियांचं निधन झालं. मृत्युपत्रात त्यांनी मारिओचा उल्लेख मुलगा असा केला.

आता त्या आईकडे येते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे लेकराला काय आहे ते मी सांगू शकत नाही आणि आपण शिक्षकांनी तसं सांगूही नये. पण वाट बघत बसू नका, एवढं मी तिला स्पष्ट सांगितलं. अंगणवाडीत आरबीएसकेचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, गरज वाटली तर ते पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशीही बोलणं करून दिलं. आणि मॉन्टेसरी वाचून सुचलेलं एक काम तिला दिलं. पंधरा दिवस लेकरू स्वतःहून काय करतं तेवढंच लिहायचं, काय येत नाही ते लिहायचं नाही.

ती नववीपर्यंत शिकलेली आहे. मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर तिने लिहून आणलं. झाकणं लहान-मोठी बघून ज्याच्या त्याच्या डब्याला बरोबर लावतो. तहान लागली की माझा हात धरून माठापाशी नेतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की कान झाकतो. पिठात हात घातला की शांत बसतो. बहीण झोपली की तिच्या पायाशी जाऊन झोपतो. अशी दोन पानं. वाचून झाल्यावर मी विचारलं, हे घरच्यांना दाखवलं का. तर म्हणाली, सासूने वाचून घेतलं माझ्याकडून, आणि त्या दिवशी त्याच्यापुढे झाकणांची परात त्यांनीच आणून ठेवली.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत पथक येणार आहे. कागदपत्रं काय लागतील ते विचारायला ती काल आली होती. आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि ती वही सोबत ठेवा म्हटलं. जाता जाता दारात थांबून तिने विचारलं, मॅडम, झाकणं पण घेऊन जाऊ का. म्हटलं, न्या.