मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर

आपल्या बुऱ्हाणपुरात एके काळी फारसी ही दरबाराची भाषा होती. आपल्या मराठीतही तिचे कितीतरी शब्द रुळले आहेत. ‘सतार’ त्यांतलाच: सेह म्हणजे तीन, म्हणून तीन तारांचे ते सेतार. इराणात ते आजही वाजवतात. तुतीच्या लाकडाचे, हलके, तर्जनीच्या नखाने छेडायचे. चौथी तार एकोणिसाव्या शतकातली. आपली सतार अमीर खुस्रोने काढली असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण अभ्यासक तिचा उगम अठराव्या शतकातल्या दिल्लीत, खुस्रो खाँ या कलावंताकडे नेतात.

महाराष्ट्रात सतारीला घर मिळाले ते मिरजेत, फरीदसाहेबांमुळे. हे घराणे शिकलगारांचे. तलवारी घडवणे, त्यांना धार लावणे हा पिढीजात धंदा. मराठेशाही संपली, शस्त्रांची मागणी आटली आणि हातात कसब असून काम नाही अशी वेळ आली. मिरज संस्थानात गाण्याचा शौक मोठा. गवई-वादक येत, त्यांची वाद्ये बिघडत, आणि दुरुस्तीला उत्तरेकडे पाठवणे परवडणारे नव्हते. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगारांनी हे काम अंगावर घेतले. आधी दुरुस्ती, मग त्या अनुभवावर स्वतःची वाद्ये. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता. आमच्या बँकेच्या दिवसांत पिढीजात धंदा सोडून नवा धरणाऱ्याचा कर्जाचा अर्ज आम्ही दोनदा तपासला असता!

कच्चा माल जवळच होता, हे नशीब. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे महिनोन्महिने वाळवायचे, कापायचे, त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी बसवायची. पडदे पितळेचे, बाकदार, सरकवता येणारे, खाली तरफा. पण खरी परीक्षा घोडीची. सांबरशिंगाची ती घोडी कानशीने इतकी बेताने घासायची की तार तिला जेमतेम स्पर्श करीत गुंजत राहील. यालाच जवारी म्हणतात. एक फटका जास्त बसला की आवाज मेला. पात्याला धार देणाऱ्या हाताला असली नजर आधीपासूनच होती, असे आम्हाला वाटते.

गिऱ्हाईकही चोखंदळ मिळाले. पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) स्वतः वाद्यांची दुरुस्ती करण्यात तरबेज. अशांच्या कानाला पटेल असा तंबोरा द्यायचा म्हणजे चेष्टा नव्हे.

फरीदसाहेबांच्या मागे मुले-नातवंडे याच कामाला लागली. सात पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार हे नाव मागे पडून घराण्याला सतारमेकर हे आडनाव लागले, आणि मिरजेत त्यांची गल्लीही त्याच नावाने ओळखली जाते.