योहान सेबास्टियन बाख : एक पिता व त्याचे मुलगे

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख ह्यांचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेतील गायनास त्यांनी जे वैभव आणून दिले, त्याची कीर्ती सर्व जगभर पसरली आहे. परंतु त्या गायनाची चर्चा करण्याचा आमचा आज हेतू नाही. ह्या मनुष्यास वीस लेकरे झाली. त्यांतील दहाच वाढून मोठी झाली, आणि त्या दहांत सहा मुलगे होते. जो बाप दिवसभर पोटाच्या उद्योगात गुंतलेला असे, त्याने आपले मुलगे कसे वाढविले, एवढेच आम्ही येथे सांगणार आहो.

बाख ह्यांचा जन्म आयसेनाख गावी १६८५ साली झाला. ते नऊ वर्षांचे असता आई वारली, आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच वडीलही वारले. ओरड्रूफ गावच्या देवळात ऑर्गन वाजविणाऱ्या वडील भावाने त्यांस आपल्या घरी नेले व वाद्य शिकविले. त्या घरातील एक गोष्ट पुढे त्यांच्या कुटुंबात सांगत असत. थोर उस्तादांच्या रचनांची एक वही भावाच्या जाळीच्या कपाटात बंद असे, व ती धाकट्यास मागूनही मिळेना. तेव्हा जाळीतून हात घालून ती तो रात्री बाहेर काढी, आणि दिवा नसल्यामुळे चांदण्यात उतरून घेई. सहा महिन्यांनी काम पुरे झाले. परंतु भावास कळताच त्याने ती नक्कल काढून घेतली. ज्याला विद्या अशी चोरून घ्यावी लागली, त्याने स्वतः बाप झाल्यावर काय केले, हे पुढे दिसेल.

१७०७ साली त्यांनी आपल्या नात्यातील मारिया बार्बारा हिच्याशी लग्न केले. तिच्या पोटी कन्या काथरिना व विल्हेल्म फ्रीडेमान, कार्ल फिलिप एमानुएल आणि योहान बर्नहार्ड हे तीन मुलगे वाढले. फ्रीडेमान नऊ वर्षांचा झाला, तेव्हा बाख क्योटन येथील राजपुत्राच्या पदरी संगीतप्रमुख होते. १७२० सालच्या जानेवारीच्या २२ तारखेस त्यांनी मुलासाठी एक वही घातली. तिच्या आरंभी स्वरांच्या खुणा समजावून दिल्या आहेत. पुढे कोणते बोट कोणत्या पट्टीवर ठेवावे ह्याचा पाठ प्रभू येशूच्या नावाने आरंभिला आहे. त्यानंतर लहान हातांस झेपतील अशा रचना, व मग हळूहळू कठीण. काही बापाच्या हातच्या आहेत, काही मुलाच्या हातच्या. कपाटात बंद ठेवलेल्या वहीच्या जागी ही मुलाच्या हाती दिलेली वही आली. आज जगभर शिकणारी मुले बाख ह्यांच्या ज्या रचनांवर बोटे घोटतात, त्यांतील कित्येक प्रथम ह्याच वहीत लिहिल्या गेल्या.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबाड येथे गेले होते. निघताना पत्नी धडधाकट होती. परत येऊन पाहतात तो ती मरण पावली असून तिला मूठमातीही देऊन झाली होती. घरात अकरा वर्षांची मुलगी, व नऊ, सहा आणि पाच वर्षांचे तीन मुलगे. पुढील वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आना माग्दालेना नावाच्या वीस वर्षांच्या गायिकेशी लग्न केले. ह्या तरुण स्त्रीने सवतीची चार मुले सांभाळली, तिला स्वतःला तेरा झाली, आणि शिवाय ती पतीच्या रचना सुवाच्य अक्षरात उतरून देत असे.

१७२३ साली बाख लाइपझिग शहरी संत थोमाच्या शाळेचे गायनप्रमुख झाले. राजदरबारचे पद सोडून शाळेचे पद पत्करणे लौकिकात उतरणेच होते, व त्यांनीही पुष्कळ दिवस मागेपुढे पाहिले. दरबारातील संगीताची आवड ओसरू लागली होती, हे एक कारण; परंतु मुलगे अभ्यासाकडे वळलेले दिसतात आणि लाइपझिग येथे त्यांस शिक्षण मिळेल, हे दुसरे कारण त्यांनी पुढे एका जुन्या मित्रास पत्रात कळविले. तेथे पोहोचल्यावर महिन्याच्या आतच फ्रीडेमान व एमानुएल ह्यांची नावे शाळेत दाखल झाली.

तेथील त्यांचा दिनक्रम पाहिला, तर मुलांसाठी वेळ कोठून काढीत असतील असा प्रश्न पडतो. राहण्याचे घर शाळेच्याच इमारतीत. लिहिण्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे वर्ग भरत असे. चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहातील मुलांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत देखरेख करावी लागे. पहिल्या काही वर्षांत जवळजवळ दर रविवारी उपासनेसाठी नवे मोठे गायन रचून, बसवून, म्हणवून घ्यावे लागे. मिळकतीचा बराच भाग लग्नांवर व प्रेतविधींवर अवलंबून असल्यामुळे तीही कमीजास्त होई. घरी शिष्यांची व पाहुण्यांची सतत ये-जा असे. एमानुएलने पुढे त्या घराची तुलना कबुतरखान्याशी केली आहे.

ह्याचे उत्तर असे की, त्यांनी मुलांसाठी निराळा वेळ काढण्याची वाट पाहिली नाही; आपल्या कामातच त्यांस सामील करून घेतले. रविवारच्या गायनाचे कागद उतरून काढावयाचे असत. ते काम आई, मुलगे व शिष्य मिळून करीत. आज तज्ज्ञ ते जुने कागद पाहून हे अक्षर फ्रीडेमानचे, हे एमानुएलचे, असे ओळखतात. मुलगा बापाच्या शेजारी बसून बापाची विद्या शिके, आणि ती रविवारी देवळात ऐके. १७३० साली आपल्याच घरातील माणसांनी गायनवादनाचा मेळा उभा राहतो, हे बाख ह्यांनी त्याच मित्रास समाधानाने कळविले.

ह्या घरावर दुःखही थोडे आले नाही. १७२६ ते १७३३ ह्या आठ वर्षांत सात लेकरे वारली. १७२४ साली जन्मलेला गॉटफ्रीड हाइनरिख ह्याची बुद्धी वाढली नाही, तरी वाद्यावर त्याचा हात चाले. तो घरातच राहिला, व वडिलांच्या मागे बहीण व मेहुणा ह्यांनी त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले.

परंतु सर्वांत मोठा घाव बर्नहार्डने घातला. बापाच्या शिफारशीने त्याला १७३५ साली म्यूलहाउझेन येथे व १७३७ साली झांगरहाउझेन येथे ऑर्गन वाजविण्याची जागा मिळाली. दोन्ही ठिकाणी त्याने कर्ज केले. पहिले कर्ज बापाने फेडले. दुसऱ्या वेळी, १७३८ साली, मुलगा कोणास न सांगता नाहीसा झाला. त्या वेळी बाख ह्यांनी झांगरहाउझेनच्या एका गृहस्थास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आता शिकवण व माया दोन्ही थकली, हा क्रूस धीराने वाहिला पाहिजे, आणि मुलाला देवाच्या दयेवर सोपविले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. तरी त्याच पत्रात त्याचा ठावठिकाणा शोधण्याची विनंतीही आहे. मुलगा पुढे येना येथील विद्यापीठात कायदा शिकू लागला होता. परंतु १७३९ सालच्या मे महिन्यात, चोवीस वर्षांचा असता, तो तेथे तापाने वारला.

बाख १७५० साली निवर्तले. एमानुएल बर्लिन व हँबर्ग येथे नावाजला, आणि वडिलांच्या पुष्कळ हस्तलिखितांचा त्याने जपून सांभाळ केला. लाडका फ्रीडेमान वादनात अद्वितीय असूनही १७६४ साली नोकरी सोडून बसला, वडिलांचे कागद विकू लागला, व १७८४ साली दारिद्र्यात मेला. धाकटा योहान ख्रिस्तियान वडील गेले तेव्हा चौदा वर्षांचा होता. एमानुएलने त्याला बर्लिनला नेऊन शिकविले, आणि तो पुढे लंडन शहरी प्रसिद्धीस आला. वडील भावाने पोरक्या भावास घरी नेण्याचा प्रसंग त्या कुळात दुसऱ्यांदा आला; ह्या वेळी विद्या कपाटात राहिली नाही.

वाचकहो, एकाच बापाचे हे मुलगे, एकाच घरात वाढलेले, तरी त्यांच्या वाटा किती निराळ्या झाल्या! बापाने वही घालून द्यावी, शेजारी बसवावे, कर्ज फेडावे, पत्रे लिहावी. इतके त्याच्या हाती होते, व ते बाख ह्यांनी केले. पुढचे त्यांच्या हाती नव्हते. आमच्या मंडळ्यांत ज्यांचा मुलगा घर सोडून गेला आहे असे आईबाप आहेत. शेजारी त्यांच्या शिकवणीस दोष देतात. त्यांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे. आणि ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांनी औत, करवत, टाक, जे काही आपल्या हाती असेल, त्याजवळ त्यांस आजच बसवावे.