प्लेगशी झुंजणारे हाफकिन साहेब



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हाला भेटायला आली होती. ती एका प्रयोगशाळेत स्नायूंवर संशोधन करते. बोलता बोलता तिने मोबाईलवर एका कुपीचे छायाचित्र दाखवले. करंगळीच्या पेराएवढी कुपी आणि तळाशी चार थेंब. ते थेंब म्हणजे अँटीबॉडी, म्हणजेच प्रतिपिंड. स्नायूच्या पेशीच्या आवरणात कॅल्शियमचे एक दार असते. ते दार म्हणजे एक प्रथिन. हे प्रतिपिंड नेमके त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि मग ते दार कुठे आहे, आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. हे बनवतात कसे, असे आम्ही विचारले. ती म्हणाली की त्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचतात आणि ससाच आपल्या रक्तात प्रतिपिंड तयार करतो.

म्हणजे तत्त्व लसीचेच झाले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यात विज्ञानाशी संबंध बेताचाच. पण लस म्हटल्याबरोबर आम्हाला हाफकिन साहेब आठवले. मुंबईला परळच्या बाजूने जाणाऱ्या पुष्कळांनी ‘हाफकिन’ ही पाटी वाचलेली असते, पण ते कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू मेचनिकोव्ह यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर जमाव चालून येत. वस्तीच्या रक्षणासाठी हाफकिन पुढे झाले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, जिनिव्हाला काही दिवस काढले, आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली. नोकरी कसली, तर ग्रंथालयातल्या मदतनिसाची! पुस्तके लावून झाली की फावल्या वेळात प्रयोग.

या फावल्या वेळात कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि तिथल्या बस्त्यांमधून लस टोचत फिरू लागले. लोक संशयाने पाहत. सरकारी डॉक्टरांनाही हा परका माणूस, तोही डॉक्टर नव्हे तर प्राणिशास्त्रज्ञ, फारसा रुचत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो काळ आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून सांगितला जातो. पुण्यात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरात शिरून तपासणी करणाऱ्या सोजिरांमुळे लोक संतापले आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात हाफकिन ऑक्टोबरमध्येच मुंबईला पोहोचले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. प्लेगचे जंतू त्यांनी पोषक रश्श्यात वाढवले, आणि गंमत म्हणजे त्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. तुपाच्या आधाराने जंतूंचे जाळे खाली लोंबत वाढे, ते हलवून पाडायचे की पुन्हा नवे वाढे. इंदूरकरांना तुपाचे उपयोग सांगायला नकोत, पण हा उपयोग आम्हालाही नवा होता. मग ते जंतू उष्णता देऊन मारायचे, आणि मेलेल्या जंतूंची लस. १० जानेवारी १८९७ रोजी, तीन महिने रात्रंदिवस काम केल्यावर, ती लसही त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काम थांबले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. न टोचलेल्या कैद्यांपेक्षा टोचलेल्यांमध्ये प्लेग कितीतरी कमी झाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली आणि लाखो माणसांना पुरेल एवढी लस तिथून देशभर जाऊ लागली.

प्लेग आपल्या इंदूरलाही सोडत नव्हता. होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलेले पॅट्रिक गेडीस नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडत, तेव्हा हाच साहेब प्लेग आणतो असा लोकांचा समज झाला होता. मग १९१७ च्या दिवाळीत त्यांनी जी प्रसिद्ध मिरवणूक काढली, तीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आपल्या शहराच्या स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या मुलांनी ही मिरवणूक जरूर माहीत करून घ्यावी.

आता मुख्य प्रसंग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या गावी १०७ जणांना परळची लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण दगावले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन.

धनुर्वात म्हणजे काय, हे त्या विद्यार्थिनीने आम्हाला फार सोपे करून सांगितले. मेंदूकडून हुकूम आला की स्नायूतली ती दारे हलतात, आतल्या कोठारातले कॅल्शियम सुटते आणि स्नायू आखडतो. कॅल्शियम परत कोठारात गेले की तो सैल पडतो. धनुर्वाताचे विष मज्जारज्जूत जाऊन ‘थांब’ म्हणणारा निरोपच बंद पाडते. मग हुकूम येतच राहतात, कॅल्शियम सुटतच राहते, दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वाकते. या विषावरचा उतारा, म्हणजे प्रतिपिंडांनी भरलेला रक्तद्रव, बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्येच बर्लिनला शोधून काढला होता, तोही सशांवर प्रयोग करून.

दोष कोणाचा? हाफकिन यांनी लस तयार करताना कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. चौकशी मंडळाने तेच धरले आणि बाटली परळलाच दूषित झाली असा ठपका ठेवला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले, पगार बंद झाला, ते १९०४ मध्ये इंग्लंडला गेले. ज्याने दोन्ही लसी आधी स्वतःवर घेतल्या, त्याच्यावर निष्काळजीपणाचा आरोप! चौकशीचे कागद मात्र १९०६-०७ पर्यंत जगापुढे आलेच नाहीत. आले, तेव्हा त्यात एक साधी नोंद सापडली. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपली सातवीतली मुलेही सांगतील.

मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये त्यांनी व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध केले, आणि नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांना निर्दोष ठरवले. पण आमच्या मते न्याय अर्धाच झाला. ते परत आले ते कलकत्त्याला, परळला नाही. नव्या लसींच्या चाचण्यांना परवानगी मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे युरोपात एकटेच राहिले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा आयुष्याची उत्तम वर्षे आपण तिथे दिली असे त्यांनी कळवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

माजी विद्यार्थिनीच्या छायाचित्रातल्या कुपीवर बारीक अक्षरात एक क्रमांक होता. नववीच्या वर्गात हे सारे सांगताना एका मुलाने विचारले, एवढ्याशा कुपीला नंबर कशाला? आम्ही त्याला फळ्यावर हिशोब करायला लावले. १०७ माणसे, पाच बाटल्या, एकोणीस मृत्यू, उरले अठ्ठ्याऐंशी. बाटल्यांना क्रमांक नसते, तर त्या अठ्ठ्याऐंशींना टोचलेल्या चार बाटल्या ठीक होत्या हे कोणालाच कळले नसते.