युद्धांची मोजदाद करणारे रिचर्डसन

इंग्लंडमध्ये हवामानाचा विषय निघाल्याशिवाय गप्पा सुरूच होत नाहीत. हवामानाचा अंदाज गणिताने काढायची कल्पना मांडणारे लुईस फ्राय रिचर्डसन इथलेच. १८८१ साली न्यूकॅसलला, शस्त्र न उचलणाऱ्या क्वेकर पंथाच्या घरात जन्मले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी रुग्णवाहिका चालवली. हवामान खातं हवाई मंत्रालयाखाली गेलं म्हणून १९२० मध्ये नोकरी सोडली. पुढे स्कॉटलंडमध्ये पेझलीच्या तंत्र महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९४० मध्ये तेही सोडून युद्धांच्या अभ्यासाला लागले.

माझं पोट डेटावर चालतं, त्यामुळे मला हे गृहस्थ आवडतात ते इथून पुढे. युद्धं का होतात हे तपासायचं, तर आधी युद्ध मोजायचं कसं? एकाच लढाईतल्या मृतांचा आकडा एका इतिहासकाराकडे आठशे, तर दुसऱ्याकडे सोळाशे. जिंकणारा वेगळं सांगणार, हरणारा वेगळं. त्यातून कोणी त्याला युद्ध म्हणणार, कोणी बंड!

रिचर्डसननी नावं बाजूला ठेवली आणि फक्त मेलेली माणसं मोजली, तीही दहाच्या पटीत. एक खून म्हणजे शून्य, हजार मृत्यू म्हणजे ३, दहा हजार म्हणजे ४. दोन्ही महायुद्धं ७ च्या घरात. ३१७ पासून ३१६२ पर्यंतचे सगळे आकडे ३ च्याच खणात पडतात, म्हणजे आठशे की सोळाशे हा वादच मिटला. माहिती जितकी ढोबळ, तितकीच ढोबळ पट्टी! आमच्या मीटिंगमध्ये दशांशचिन्हापुढे चार आकडे दिसले की लोक माना डोलावतात, तेव्हा मला हे आठवतं. अर्थात खणाच्या काठावरची युद्धं इकडची तिकडे होणारच, आणि लहान भांडणांची तर नोंदच नीट सापडत नाही.

सीमा लांब असेल तर शेजाऱ्यांत युद्ध जास्त होतं का, हेही त्यांनी पाहायला घेतलं. तर स्पेन-पोर्तुगालची सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, दुसरीत १२१४! कोणी खोटं बोलत नव्हतं बरं का. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वळणं जास्त मोजली जातात आणि लांबी वाढते. पुढे १९६७ मध्ये मँडेलब्रॉटनी याच नोंदींवरून ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला.

रिचर्डसन १९५३ मध्ये वारले. युद्धांवरचे त्यांचे दोन्ही ग्रंथ पुस्तकरूपात आले ते १९६० मध्ये.