चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन

चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन (१८७९–१९६४) हे मार्कोनी कंपनीतील ब्रिटिश रेडिओ अभियंते होते. पुण्याजवळील खडकीचे प्रेषण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र ज्या लघुतरंग ‘बीम’ पद्धतीवर उभे राहिले, तिची तांत्रिक रचना मुख्यत्वे त्यांची होती. कीर्ती मात्र मार्कोनींच्या वाट्याला अधिक आली.

फ्रँकलिन यांचा जन्म लंडनमध्ये झाला. फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातील शिक्षणानंतर १८९९ मध्ये ते मार्कोनी कंपनीत दाखल झाले. १९१६ मध्ये इटलीत त्यांनी मार्कोनींसमवेत दोन-तीन मीटर लांबीच्या तरंगांवर परावर्तकांचे प्रयोग केले. १९२१ मध्ये पंधरा मीटर तरंगलांबीवर हेंडन ते बर्मिंगहॅम दूरभाषण त्यांनी साधले.

१९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्यातील देशांशी बीम केंद्रांद्वारे संदेशवहनाचा करार केला. अटी कडक होत्या : सलग सात दिवसांच्या चाचणीत ठरलेला वेग टिकल्याखेरीज ब्रिटिश टपाल खाते आपले केंद्र ताब्यात घेणार नव्हते. खरी अडचण प्रेषक आणि आकाशक यांच्यामधील अंतरात होती. आकाशक म्हणजे उंच मनोऱ्यांवरून सोडलेल्या तारांची लांब रांग. प्रत्येक तारेला सारखी शक्ती, तीही एकाच कलेत, पोहोचणे आवश्यक होते. फ्रँकलिन यांनी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांची वाहिनी वापरली. बाहेरची नळी भूसंपर्कित असल्याने वाटेत प्रारण होत नसे. वाहिनीला फाटे फोडून प्रत्येक तारेपर्यंतची लांबी समान ठेवली जाई. परंतु दोन समान फाटे समांतर जोडले की त्यांचा एकत्रित संरोध (इंपिडन्स) निम्मा होतो. तो मूळ वाहिनीशी जुळला नाही, तर ऊर्जेचा काही भाग परावर्तित होऊन वाहिनीत स्थिर तरंग उभे राहतात. म्हणून फाट्यांपाशी संरोध जुळवणारे रोहित्र बसवले जाई. विवर्धकाच्या बाबतीत मात्र जुळणीचा अर्थ वेगळा असतो. भार अंतर्गत रोधाएवढा ठेवल्यास निम्मी शक्ती उगमातच खर्ची पडते. त्यामुळे मोठ्या प्रेषकात निर्वात नलिकेला कार्यक्षमतेच्या दृष्टीने सोयीचा भार दिला जातो.

सप्टेंबर १९२७ मध्ये भारत-ब्रिटन सेवा सुरू झाली. खडकीहून निघालेले संदेश इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्केग्नेसजवळ घेतले जात. टेटनीहून आलेले दौंडला. भारतातील केंद्रे इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे होती. बीमचे दर कमी असल्याने समुद्री तारकंपन्यांचा व्यवसाय झपाट्याने घटला आणि १९२९ मध्ये साम्राज्यातील तार व बिनतारी व्यवसायांचे विलीनीकरण करावे लागले.

परिवर्तनीय धारित्र आणि लंडनच्या २एलओ या नभोवाणी केंद्राचा प्रेषक हीदेखील फ्रँकलिन यांची कामे. १९२२ मध्ये त्यांना अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचा मॉरिस लीबमन पुरस्कार मिळाला. १९३९ मध्ये ते निवृत्त झाले.